मल्टी-फ्रिक्वेन्सी मेटल डिटेक्टर: खोक्यावरचा दावा घरीच कसा तपासायचा

मल्टी-फ्रिक्वेन्सी डिटेक्टर, म्हणजे एकाहून जास्त फ्रिक्वेन्सीवर जमिनीतला धातू शोधणारं मशीन, घेणारे बहुतेक जण तीच चूक करतात. खोक्यावरचा फ्रिक्वेन्सीचा आकडा पाहून मशीन घेतात, अंगणात नाणं हवेत फिरवून 'खोली' मोजतात आणि मग समुद्रावर गेल्यावर मशीन बडबडायला लागलं की सेन्सिटिव्हिटी इतकी खाली आणतात की अंगठीवरून कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती) गेली तरी आवाज येत नाही. मशीन ज्यासाठी जास्त पैसे मोजून घेतलं, त्या गुणाची परीक्षा यातल्या कुठल्याच पायरीत होत नाही.

तो गुण म्हणजे वजाबाकी. दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर जमिनीतून परत आलेल्या उत्तरांची योग्य प्रमाणात वजाबाकी करून मशीन मीठ आणि लोहयुक्त माती दोन्ही एकदम गप्प करू शकतं. एका फ्रिक्वेन्सीच्या मशीनला दोन्हींपैकी एकच गप्प करता येतं. दुप्पट खोली आणि 'सोनं ओळखणारा मोड' ही जाहिरातीची भाषा आहे. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. दोन दिवसांत होतात, म्हणजे मशीन परत करण्याची मुदत संपायच्या आत.

टप्पा 0: जागा आणि कायदा

भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित किल्ले, लेणी, मंदिरं यांच्या आवारात मशीन नेऊन खणणं हा सरळ गुन्हा आहे. तेव्हा चाचणी स्वतःच्या अंगणात किंवा मालकाच्या परवानगीने शेतात करा. किनाऱ्यावर जाण्याआधी स्थानिक पोलिसांना किंवा ग्रामपंचायतीला विचारून घ्या.

सावधान: 'पाचशे मीटरवरून सोनं दाखवतो' म्हणून विकली जाणारी अँटेनावाली यंत्रं मेटल डिटेक्टर नसतातच. याच जातीचं एडीई 651 हे बॉम्बशोधक म्हणून विकणाऱ्याला 2013 साली ब्रिटनमध्ये 10 वर्षांची शिक्षा झाली. गुप्तधनाच्या नावाखाली असलं यंत्र घेऊन कोणी दारात आला, तर त्याला एक पैसाही देऊ नका.

टप्पा 1: जाहिरात नीट वाचा

'मल्टी' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

1. निवडता येणाऱ्या फ्रिक्वेन्सी. मशीनमध्ये चार-पाच फ्रिक्वेन्सी असतात, पण एका वेळी एकच चालते. एक्सपी कंपनीचा पहिला डिउस 4, 8, 12 आणि 18 किलोहर्ट्झवर चालायचा तो असा. ही सोय उपयोगी आहे, पण हिच्यात वजाबाकी नाही.

2. खऱ्या अर्थाने एकाच वेळी. दोन किंवा अधिक फ्रिक्वेन्सी सोडल्या जातात, ऐकल्या जातात आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी ताडली जातात. फिशरची सीझेड मालिका 5 आणि 15 किलोहर्ट्झवर, व्हाइट्सचं डीएफएक्स 3 आणि 15 किलोहर्ट्झवर चालायचं. आकडे लहान असले तरी दावा खरा होता.

3. हार्मोनिक मोजून फुगवलेला आकडा. कॉइलला चौकोनी व्होल्टेज दिलं की मूळ फ्रिक्वेन्सीबरोबर तिच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा विषम पटीतल्या लहरी आपोआप निघतात, त्याच हार्मोनिक. कॉइलमधला प्रवाह त्रिकोणी असतो, म्हणून तिप्पट फ्रिक्वेन्सीचा प्रवाह मूळच्या नवव्या भागाइतका आणि पाचपटीचा पंचविसाव्या भागाइतकाच उरतो. मिनलॅबच्या जुन्या मशीनवर आधी '17' आणि नंतर '28' फ्रिक्वेन्सी छापलेल्या असत. लहर पाहिली तर दोन वेगवेगळ्या लांबीचे चौकोनी पल्स आलटून पालटून दिसतात. मशीनं चांगलीच होती, पण त्यांचा चांगुलपणा 28 या आकड्यात नव्हता.

म्हणून दुकानदाराला 'किती फ्रिक्वेन्सी?' असं विचारू नका. 'मल्टी मोडमध्ये किती फ्रिक्वेन्सीची उत्तरं एकाच वेळी ताडली जातात, आणि ओल्या खाऱ्या वाळूवर ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा आवाज गप्प करण्याची जुळवणी) होतो का?' असं विचारा. नेमकं उत्तर मिळालं नाही, तर पुढचे टप्पे आहेतच.

टप्पा 2: जमवाजमव

चाचणीच्या वस्तू आधी गोळा करून प्रत्येकीला चिठ्ठी लावा:

- पिवळं पाच रुपयांचं नाणं
- स्टीलचं एक रुपयाचं नाणं
- घरातली 22 कॅरेटची अंगठी
- बारीक सोनसाखळी, शक्य झाल्यास मंगळसूत्राच्या वाट्यांसह
- गोळ्यांची रिकामी पट्टी, शीतपेयाच्या कॅनची कडी, सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच
- तीन इंची खिळा, एक गंजका नट
- 18 गेजच्या वाइंडिंग वायरची 20 मिलिमीटर व्यासाची दोन वळी: एकाची टोकं खरवडून डाग देऊन जोडलेली, दुसऱ्याची 2 मिलिमीटर उघडी
- 20 लिटरचा प्लॅस्टिकचा टब, 700 ग्रॅम मीठ, भट्टीची एक लाल वीट, मिळाल्यास जांभ्याचा तुकडा
- 40 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, साधारण 60 सेंटिमीटर लांब

तपासा: एक रुपयाच्या नाण्याला चुंबक लावा, ते चिकटेल. एक-दोन रुपयांची सध्याची नाणी चुंबकीय स्टेनलेस स्टीलची असतात. डिटेक्टर त्यांना लोखंड म्हणाला किंवा पडद्यावरचा वस्तूचा आकडा नाचवला, तर तो मशीनचा दोष नाही. परदेशी व्हिडिओत नाण्यांचे आकडे ठाम येतात आणि आपल्याकडे येत नाहीत, याचं एक मोठं कारण हेच आहे.

सावधान: घरात, गच्चीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर चाचणी करू नका. स्लॅबमध्ये सळ्या असतात. उघड्या मातीवर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवून काम करा. खिशातला मोबाइल दूर ठेवा. हातातलं कडं, घड्याळ आणि अंगठी काढा.

टप्पा 3: मशीन काय सोडतं ते पाहा

यासाठी ऑसिलोस्कोप असलाच पाहिजे असं नाही. 10 सेंटिमीटर व्यासाच्या डब्यावर बारीक वाइंडिंग वायरचे 20 वेढे घ्या आणि वेटोळं डब्यावरून काढून टेपने बांधा. त्याची टोकं 10 किलोओहमच्या रेझिस्टरमधून यूएसबी साउंड कार्डच्या लाइन-इनला जोडा. लाइन-इनवर दोन 1एन4148 डायोड उलटसुलट समांतर लावा. सिग्नल जास्त झाला तरी कार्ड शाबूत राहील.

1. वेटोळं डिटेक्टरच्या कॉइलसमोर 50 सेंटिमीटरवर, तिच्या पातळीला समांतर धरा. मग हळूहळू 30 सेंटिमीटरपर्यंत आणा. इथे काही दहा मिलिव्होल्ट मिळतात, तेवढे पुरतात.

2. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये 96 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर दहा सेकंद ध्वनिमुद्रण करा. 48 किलोहर्ट्झच्या कार्डावर 24 किलोहर्ट्झच्या वरचं काहीच दिसत नाही, त्यामुळे 'मशीन 40 सोडतच नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

3. आधी प्रत्येक एकेरी फ्रिक्वेन्सी निवडून स्पेक्ट्रम (कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात आहे त्याचा आलेख) काढा, मग मल्टीचा. एकेरीत एक ठळक सुळका आणि त्याच्या विषम पटीतले बारके सुळके दिसतील. मल्टीत निदान दोन ठळक सुळके असे हवेत, जे एकमेकांचे नुसते हार्मोनिक म्हणून खपत नाहीत.

4. मग स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे वेळेनुसार तोच आलेख, पाहा. सुळके सलग पट्ट्यांसारखे दिसले तर ठीक. आधी एक, थोड्या वेळाने दुसरा, असे तुकडे दिसले तर मशीन फ्रिक्वेन्सी बदलत बसतं.

आलटून पालटून सोडणं हे मुळात वाईट नाही. कॉइल सेकंदाला एक मीटर या वेगाने फिरवली, तर एक मिलिसेकंदात ती एकच मिलिमीटर सरकते. त्या काळात फ्रिक्वेन्सी बदलली, तर वजाबाकीच्या दृष्टीने ते 'एकाच वेळी'च आहे. पण बदलायला 50 मिलिसेकंद लागत असतील, तर तेवढ्यात कॉइल पाच सेंटिमीटर पुढे गेलेली असते आणि दोन्ही उत्तरं दोन वेगळ्या जागांची ठरतात.

मशीन सोडतं ते सगळं ऐकतंच, असंही नाही. स्पेक्ट्रम फक्त पाठवणीची बाजू दाखवतो. ऐकण्याची बाजू टप्पा 5 मध्ये कळते, म्हणून इथेच निकाल देऊ नका.

टप्पा 4: वस्तू आणि फ्रिक्वेन्सीचं नातं

धातूत उठलेले प्रवाह विझायला किती वेळ घेतात, एवढंच डिटेक्टरला कळतं. हा काळ धातूवर जितका अवलंबून असतो, तितकाच आकार, जाडी आणि घडणीवरही असतो. हा काळ 2 मायक्रोसेकंद असलेली बारीक वस्तू 5 किलोहर्ट्झवर तिच्या कमाल प्रतिसादाच्या सुमारे 6 टक्केच बोलते, 40 किलोहर्ट्झवर 45 टक्के. 100 मायक्रोसेकंदाचं जाड नाणं 5 किलोहर्ट्झवरच 95 टक्के देऊन बसलेलं असतं. वरच्या फ्रिक्वेन्सीचा फायदा बारीक वस्तूंना होतो, तो असा. जाड नाण्यासाठी आणखी पाच फ्रिक्वेन्सी घातल्या तरी हाती फारसं काही लागत नाही.

हे पडताळण्यासाठी कॉइल आडवी बांधून ठेवा आणि 15 सेंटिमीटरवरून प्रत्येक वस्तू फिरवा. सर्वांत खालची फ्रिक्वेन्सी, सर्वांत वरची आणि मल्टी, तिन्हींचे आकडे वहीत लिहा.

पहिली नजर तारेच्या दोन वळ्यांवर टाका. तार, वजन, धातू सगळं सारखं. जोडलेलं वळं खणखणीत वाजेल आणि उघडं जेमतेम, कारण उघड्या वळ्यात प्रवाहाला पूर्ण फेरा मारता येत नाही. पायातली जोडवी बहुधा उघडी असतात, म्हणून चांदीची असूनही ती हलकी वाचली जातात. सोनसाखळीचंही तेच. मशीनला साखळी दिसत नाही, एकेक बारीक कडी सुटी दिसते. हरवलेलं मंगळसूत्र शोधताना साखळीची आशा धरू नका, वाट्यांचा आवाज ऐका.

आता अंगठी आणि कॅनची कडी यांचे आकडे शेजारी ठेवा. बहुतेक मशीनवर ते एकमेकांजवळच पडतील. 'सोनं' मोडमध्ये सोनं ओळखलं जात नाही. वरच्या फ्रिक्वेन्सीला वजन दिलेलं असतं आणि बारीक वस्तूंचा आवाज वाढवलेला असतो, इतकंच. कड्या गाळायच्या म्हणून तो आकडा बंद केलात, तर अंगठीही गेली.

तपासा: पत्र्याचं बूच वरच्या एकेरी फ्रिक्वेन्सीवर चांगल्या धातूसारखं वाजतं का? खालच्या फ्रिक्वेन्सीवर त्याचा लोखंडीपणा उघड होतो. मल्टीत बूच तुटक वाजलं किंवा आकडा खाली घसरला, तर मशीन दोन्ही उत्तरं खरोखर ताडतंय.

टप्पा 5: मिठाची परीक्षा

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि तोच लोक टाळतात.

1. टबमध्ये 20 लिटर गोडं पाणी भरा. टबला किंवा बादलीला तारेची कडी असेल तर आधी काढून टाका. कॉइल पृष्ठभागापासून 3 सेंटिमीटरवर फिरवा. आवाज येता कामा नये.

2. त्यात 700 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. लिटरला 35 ग्रॅम म्हणजे जवळपास समुद्राचा खारटपणा.

3. खालची एकेरी, वरची एकेरी, मग मल्टीचा बीच मोड (किनाऱ्यासाठीची सेटिंग) अशा क्रमाने कॉइल फिरवा. सेन्सिटिव्हिटी तिन्ही वेळा तीच ठेवा.

वरच्या फ्रिक्वेन्सीवर टब जोरात वाजायला हवा, खालच्यावर कमी आणि बीच मोडमध्ये जवळपास गप्प. बीच मोडमध्येही वरच्या फ्रिक्वेन्सीइतकाच गोंगाट असेल, तर तिथे वजाबाकी होत नाही. मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.

4. आता गप्प झालेल्या मोडमध्ये टबावरून आधी अंगठी, मग बारीक साखळी फिरवा. साखळी बहुधा नाहीशी होईल.

हे का होतं, ते आकड्यांत पाहा. पाठवलेल्या लहरीच्या प्रमाणात मोजलं, तर मिठाचा प्रतिसाद फ्रिक्वेन्सीबरोबर सरळ वाढतो. 5 किलोहर्ट्झवर 1 असेल तर 40 वर 8. मीठ शून्य करायला 5 च्या उत्तराची आठपट करून त्यातून 40 चं उत्तर वजा करायचं. 10 मायक्रोसेकंदाच्या वस्तूचं या हिशेबात 1.94 उरतं, 1 मायक्रोसेकंदाच्या वस्तूचं फक्त 0.015. बारीक साखळी स्वभावाने मिठासारखीच असते, त्यामुळे मिठाबरोबर तीही वजा होते. प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं असतं, पण या अडचणीतून कोणाचीच सुटका नाही. 'समुद्रावर बारीकसारीक सोनंही पकडतो' हा दावा म्हणूनच टबावर तपासल्याशिवाय मानू नका.

टप्पा 6: वीट आणि जांभा

लाल वीट कॉइलखाली सरकवा. भाजलेल्या मातीतलं लोह डिटेक्टरला धातूसारखं भासू शकतं. कोकणातला जांभा आणि घाटावरची बेसाल्टपासून झालेली काळी माती याच कारणाने त्रास देतात. विटेचा प्रतिसाद फ्रिक्वेन्सीबरोबर फारसा बदलत नाही, मिठाचा बदलतो. मीठ आणि माती यांना वेगवेगळं ओळखायला मशीनला हाच फरक उपयोगी पडतो.

वीट खाऱ्या पाण्याच्या टबात टाका आणि पुन्हा बीच मोडमध्ये फिरवा. दोन्ही एकत्र असताना मशीन शांत राहिलं, तर तुम्ही मोजलेले जास्तीचे पैसे सत्कारणी लागले. रत्नागिरीजवळ काळबादेवीसारख्या किनाऱ्यावर इल्मेनाइट-मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांची काळी वाळू आणि खारं पाणी एकत्र भेटतात. तिथे एकेरी फ्रिक्वेन्सीची मशीनं हात टेकतात.

टप्पा 7: खोली

'50 टक्के जास्त खोल' या दाव्याचा हिशेब करून पाहा. अंतर वाढलं की छोट्या वस्तूचा सिग्नल अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. सिग्नल दुप्पट केला तर खोली 12 टक्केच वाढते. 50 टक्के वाढवायला सिग्नल अकरापटीहून जास्त लागेल, आणि मल्टीत तर तीच बॅटरी दोन-तीन फ्रिक्वेन्सीत वाटली जाते. सौम्य, कोरड्या जमिनीत नेमकी जुळणारी एकेरी फ्रिक्वेन्सी मल्टीच्या बरोबरीने किंवा किंचित पुढेही जाऊ शकते. मल्टीची सरशी खराब जमिनीत होते.

'खालची फ्रिक्वेन्सी जमिनीत खोल शिरते' हेही या बाबतीत खरं नाही. साध्या मातीत 10 किलोहर्ट्झची लहर कित्येक मीटर जाते आणि आपण अर्ध्या मीटरच्या गोष्टी करतोय. फरक पडतो तो वस्तूमुळे.

नाणं पुरून खोली मोजू नका. उकरलेली माती भुसभुशीत असते, तिचा प्रतिसाद वेगळा येतो. त्याऐवजी:

1. पाइप 45 अंशांत तिरका ठोका आणि आतली माती काढा. वरची माती तशीच घट्ट राहते.

2. नाणं लाकडी दांड्याच्या 45 अंशांत कापलेल्या टोकावर चिकटवा, म्हणजे ते जमिनीत आडवं राहील.

3. दांड्यावर 14, 28 आणि 42 सेंटिमीटरच्या खुणा करा. सरळ खोली अनुक्रमे 10, 20 आणि 30 सेंटिमीटर होते.

4. रिकामा दांडा घालून आधी शांतता तपासा. मग नाणं घाला. दोन्ही दिशांनी, सलग तीन वेळा आवाज आला तरच 'सापडलं' असं लिहा.

टप्पा 8: किनाऱ्यावर चालू करण्याचा क्रम

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी जास्त दूर जाते, तेव्हा ओली वाळू भरपूर मिळते. क्रम मात्र मोडू नका.

1. बीच मोड आधी निवडा. पार्क मोडमध्ये ग्राउंड बॅलन्स करून नंतर मोड बदलला, तर केलेला बॅलन्स वाया जाऊ शकतो.

2. कॉइल स्थिर धरून नॉइज कॅन्सल (आसपासचा विजेचा गोंगाट टाळण्याची सोय) करा. विजेच्या तारांखाली मल्टी जास्त बडबडतं, कारण ते रुंद पट्टा ऐकतं. तिथे एकेरी फ्रिक्वेन्सी शांत असू शकते, पण ओल्या वाळूवर तिचा उपयोग नाही. जागा बदला.

3. ओल्या, स्वच्छ वाळूवर कॉइल वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स करा. कोरड्या वाळूवर केलेला बॅलन्स पाण्याच्या रेषेजवळ चालत नाही. कोरड्यातून ओल्यात गेलात की पुन्हा करा.

4. सेन्सिटिव्हिटी शेवटी. बडबड सुरू होईपर्यंत चढवा, मग दोन पायऱ्या उतरवा. हे आधी करून ठेवणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे.

5. कॉइल वाळूला समांतर, 2-3 सेंटिमीटरवर ठेवा. फेऱ्याच्या टोकाला ती वर उचलली की मिठाचा प्रतिसाद बदलतो आणि नसलेली वस्तू वाजते.

तपासा: लाट कॉइलवरून गेली की क्षणभर आवाज येतो का? थोडा चालेल. प्रत्येक लाटेला येत असेल तर सेन्सिटिव्हिटी आणखी एक पायरी उतरवा आणि टबावर वाजलेली तीच अंगठी दोरा बांधून 10 सेंटिमीटर वाळूखाली ठेवून पुन्हा ऐका. वाजली नाही, तर त्या दिवशी त्या पट्ट्यात शोध घेण्यात अर्थ नाही. पाणी आणखी मागे हटेपर्यंत थांबा, किंवा वरच्या कोरड्या वाळूत जाऊन बॅलन्स नव्याने करा.